एका म्हशीचा फरक

बुधवार, ५ जून. दुपारचे बारा. टेबलावर दोन याद्या, दोन्ही मुरगूडच्या उद्याच्या शिबिराच्या. एक जुन्या प्रोग्राममधून काढलेली, एक नव्या. पट्टी ठेवून एकेक ओळ जुळवली. जुन्या यादीत एकेचाळीस म्हशी, नव्यात चाळीस. एक कुठं गेली?

डायरीत एवढंच आहे. पुढं लिहायला त्या आठवड्यात सवड झाली नाही. "दिवाळी अंकासाठी नोकरीवर काहीतरी लिहा," असं म्हटल्यावर चोवीस वर्षांतलं नेमकं हेच पान आठवलं.

मी कोल्हापुरातल्या एका लहान दूध संघात आहे. माझ्या टेबलावर दूध येत नाही आणि दुधाची बिलंही येत नाहीत. माझ्याकडे म्हशी येतात, कागदावरून. कुठली म्हैस कधी भरवली म्हणजे रेतन केलं, गाभण राहिली की नाही, कधी व्याली, याची नोंद ठेवणं हे माझं काम. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे सुईण?" मी म्हटलं, "नाही, सुईणीची कारकून." ते हसले नाहीत, पण लग्न झालं.

म्हैस भरवल्यापासून साधारण तीनशे दहा दिवसांनी विते. व्याल्यावर वेळेत पुन्हा गाभण राहिली नाही तर काही महिन्यांनी आटते आणि मग गोठ्यात नुसती वैरण खात उभी राहते. अशा रिकाम्या म्हशींसाठी आम्ही गावोगाव शिबिरं घेतो. डॉक्टर हात घालून तपासतात आणि पिशवी रिकामी आहे असं दिसलं की माजावर आणायचं इंजेक्शन देतात. गुणकारी इंजेक्शन आहे. फक्त एक अडचण. तेच इंजेक्शन गाभण म्हशीला दिलं तर गाभ पडतो.

डॉक्टर तपासूनच देतात, मग भीती कसली, असं कुणीही विचारेल. भीती अशी की दीड-दोन महिन्यांच्या आतला गाभ हाताला लागत नाही. हात कितीही अनुभवी असो. तिथं डॉक्टरचं काम थांबतं आणि माझी यादी सुरू होते. यादी 'रिकामी' म्हणाली तर सुई लागते.

ही यादी मी कॉम्प्युटरवर ज्या तक्त्यात ठेवत होते, त्या प्रोग्रामचं नाव सांगत नाही. त्याच्या जागी जो आणायचा होता त्याचंही सांगत नाही. दोन्ही कंपन्या माझ्याशिवाय व्यवस्थित चालल्या आहेत. तक्ता म्हणजे उभ्या-आडव्या रेघा मारलेलं, कधीच न संपणारं वहीचं पान. दिवस स्वतः मोजतं एवढाच वहीपेक्षा फरक. जुन्या तक्त्यात आम्ही रंगावर काम करायचो. तेव्हा विभागात आम्ही तिघी बायका होतो, त्यामुळे रंगही आमचेच पडले. रिकाम्या म्हशीची ओळ पांढरी. भरवली पण तपासणी व्हायची आहे, तिची पिवळी. तपासणीत गाभण ठरली की हिरवी. पिवळीला आम्ही "हळद लागली" म्हणायचो आणि हिरवीला "चुडा भरला". पुढं डॉक्टर लोकही फोनवर गंभीरपणे विचारायला लागले, "मॅडम, बिल्ला नंबर अमुक, हिला हळद लागलीय का?"

गारगोटीकडचे एक पावणं आठवतात. मी दिलेल्या छापील कागदावर त्यांची म्हैस व्यायची तारीख होती आणि तारीख उलटून आठ दिवस झाले तरी म्हैस काही मनावर घेत नव्हती. ते थेट ऑफिसात आले.

"बाई, तुमचा कागद खोटा हाय."

"आठ दिवस इकडं-तिकडं होतंच. कागद आणलाय का?"

"न्हाय. म्हशीला दावला."

"मग?"

"वास घेतला आन् खाल्ला. दुसरा द्या."

मी दुसरा दिला. म्हैस तिसऱ्या दिवशी व्याली. ते कागदामुळे झालं असं पावणं आजही सांगतात.

सगळीच प्रकरणं अशी हसण्यावारी गेली नाहीत. जुन्या पद्धतीत नोंद माझ्यापर्यंत चिठ्ठीनं यायची. गावात रेतन करणारा आमचा सेवक असतो. तो गोठ्यात जाऊन काम करणार, मालकाचं नाव, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ती गावच्या डेअरीत ठेवणार. शनिवारी दुधाच्या गाडीबरोबर चिठ्ठ्या कोल्हापूरला येणार आणि सोमवारी मी हळद लावणार. म्हणजे बरं चाललं तरी आठ-दहा दिवस भरवलेली म्हैस माझ्याकडे पांढरीच.

आठ वर्षांपूर्वी बरं चाललं नाही. मुरगूडजवळच्या एका वाडीतल्या आक्काताईंच्या म्हशीची चिठ्ठी गाडीत सीटखाली पडून राहिली. मधे शिबिर आलं. आक्काताई रानात होत्या. यादीत नाव आहे म्हणून त्यांचे यजमान म्हैस घेऊन आले. भरवल्याचं त्यांना कुणी विचारलं नाही; यादीत नाव म्हणजे सुई घ्यायचीच, असं त्यांना वाटलं. तेव्हाच्या डॉक्टरांच्या हाताला काही लागलं नाही, यादी पांढरी होती, सुई लागली. भरवून तेवीस दिवस झाले होते आणि म्हैस पुन्हा माजावर आली नव्हती, म्हणजे बहुधा राहिली होती. सुईनंतर तिसऱ्या दिवशी माजावर आली, म्हणजे गाभ गेला. त्यानंतर ती कधीच राहिली नाही. विकली.

संघानं चौकशी केली. चूक चिठ्ठीची ठरली. चिठ्ठीला काय शिक्षा करणार? आक्काताई मात्र ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. कॉम्प्युटरकडं बोट करून म्हणाल्या, "ह्याला न्हाय कळत. तुमाला कळाय पायजे हुतं." चहा न घेता गेल्या. ते वाक्य मी आठ वर्षं बाळगलं आहे.

आता यंदाचं. एप्रिलच्या शेवटी आमचे व्यवस्थापक मगदूमसाहेब टेबलाजवळ आले. त्यांच्या डोक्यात दुसरा प्रोग्राम होता, जो फोनवरही उघडतो. सेवक गोठ्यातच उभा राहून नोंद करणार, त्याच मिनिटाला ती माझ्या पडद्यावर येणार. चिठ्ठी नको, गाडी नको, शनिवार नको.

"तुम्ही हो म्हणा, जुना बंद करतो. नाही म्हणा, विषय बंद. पण पंचवीस वर्षं बघू बघू म्हणू नका. सात जूनला सांगा."

"चोवीस झालीत," मी म्हटलं.

मे महिनाभर मी दोन्ही चालवले. सेवक फोनवर नोंद करायचे आणि चिठ्ठीही पाठवायचे; मी चिठ्ठ्या जुन्यात चढवून नव्याशी जुळवायची. हाताला मुंग्या आल्या, पण नवं काही घ्यायचं तर जुनं शेजारी ठेवूनच घ्यावं, हा माझा नियम आहे. कुकरसुद्धा मी तसाच बदलला.

नव्याचे दोष मी मन लावून शोधले. फोनवर ओळ रंगवायची सोय होती, पण रानातल्या उन्हात कुणाला ते जमेना, म्हणून रंग काढून शब्द ठेवले. रिकामी, भरवली, गाभण, यातला एक बोटानं निवडायचा. माझा पडदा सगळा पांढरा पडला. चोवीस वर्षं लांबून बघूनच मला कळायचं कुठल्या गावात काय चाललंय. आता चष्मा लावून वाचायला लागलं. तिकडं गारगोटीत कुणी यादी वरखाली केली की इकडं माझ्यासमोरची ओळ पळायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अंगठे. फोन लहान, आमच्या सेवकांचे अंगठे मोठे. त्या महिन्यात दोनदा एका म्हशीची नोंद शेजारच्या ओळीत जाऊन बसली. दोन्ही वेळा मी पकडली. तिसऱ्या वेळी पकडेन याची खात्री कोण देणार?

खरं सांगायचं तर मी नाही म्हणायचं ठरवलंच होतं. फक्त कारण पुरेसं वजनदार व्हायची वाट बघत होते. जुनी फाईल मला पाठ होती आणि माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती, हे सुखही त्यात होतंच. लपवत नाही.

तर ५ जूनला, एक म्हैस कमी. शोधली. जुन्या यादीत होती, नव्यात नव्हती ती म्हैस होती आक्काताईंची.

मी पट्टी खाली ठेवली.

नवा तक्ता सांगत होता: भरवली, ११ मे, नोंद तानाजीची. तानाजी म्हणजे त्या भागातला आमचा सेवक. जुन्यात ओळ पांढरी, कारण चिठ्ठी आलीच नव्हती. ११ मेनंतर तीन शनिवार गेले होते, तीन गाड्या आल्या होत्या. तानाजीच्या बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या वेळेवर होत्या. त्यातही आक्काताईंच्या वरच्या ओळीतल्या म्हशीची चिठ्ठी होती, तारीख ११ मे. म्हणजे चित्र सरळ होतं. एकच म्हैस भरवली आणि अंगठा दोन ओळींवर पडला. मला हवं होतं ते वजनदार कारण समोर आलं होतं.

तरी खात्री करायला तानाजीला फोन लावला. तो राधानगरीच्या वर जंगलाकडच्या गावात सासुरवाडीला गेला होता. रेंज नाही. मग आक्काताईंच्या घरी लावला. सून रूपालीनं उचलला.

"सासूबाई न्हाईत. नणंदेकडं गेल्यात निपाणीला. काय काम हुतं?"

"तुमची म्हैस मे महिन्यात भरवली होती का?"

"न्हाय ओ. कुठली भरवतोय! रिकामीच हाय, म्हणून तर मी उद्या आणतोय की शिबिराला. यादीत नाव हाय म्हटल्यात डेअरीत."

"नक्की? तानाजी आला नव्हता तुमच्याकडं?"

"मी म्हायेरला गेलतो आठ दिस तेवा. पण भरवली असती तर सासूबाईंनी सांगितलं नसतं व्हय?"

बरोबर होतं. घरच्या म्हशीची गोष्ट घरात कळणार नाही असं कुठं होतं? मी नव्या यादीतल्या चाळीस या आकड्यावर लाल पेनानं फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'अंगठा'. तरी ती यादी टाकून न देता पिशवीत ठेवली.

गुरुवारी सकाळी संघाच्या जीपमधून डॉ. चौगुल्यांबरोबर मुरगूडला गेले. शिबिरांना मी सहसा जात नाही. त्या दिवशी दोन्ही याद्या घेऊन गेले. डेअरीमागच्या मोकळ्या जागेत म्हशी रांगेत. डॉक्टर भराभर तपासत होते. कोपरापर्यंत हातमोजा, तोंडानं अखंड बोलणं. मी नाव वाचायची, ते तपासायचे, "रिकामी", सुई, पुढची. रूपाली बाराव्या नंबरला आली. मी तिला म्हटलं, "शेवटी थांब." तिनं तोंड वाकडं केलं. दर दहा मिनिटांनी मी तानाजीला फोन लावत होते. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. रूपालीनं दिलेल्या निपाणीच्या नंबरवरही कुणी उचलत नव्हतं.

साडेअकराला रांग संपली. फक्त आक्काताईंची म्हैस उरली. डॉक्टरांनी हात घातला, डोळे मिटले, बराच वेळ चाचपलं.

"हाताला काही लागत नाही, मॅडम. पण तुमच्या त्या नव्या यादीप्रमाणं सव्वीस दिवस असतील तर लागणारही नाही. सांगा, टोचू का?"

"माझं म्हणणं विचारताय?"

"तुमचं नाही, तुमच्या यादीचं. पण दोन याद्या दोन बोलतायत, त्यामुळे आता तुमचंच."

शेजारी डेअरीचे सेक्रेटरी उभे होते. ते म्हणाले, "बाई, कॉम्प्युटर दोन-दोन आणलासा आन् एक म्हस मोजाय येईना व्हय?" दोघं-तिघं हसले.

रूपाली म्हणाली, "टोचा की ओ डाक्टर! पुढचं शिबिर दिवाळीनंतर हाय. तवर काय नुसती वैरण घालू?"

तीही खोटं बोलत नव्हती. म्हैस खरंच रिकामी असेल आणि मी थांबवलं तर चार-पाच महिने वाया. आणि भरवलेली असेल, मी होकार दिला, तर आठ वर्षांपूर्वीचंच सगळं पुन्हा, त्याच घरात, या वेळी माझ्या तोंडानं. चिठ्ठी सीटखाली पडली होती असं म्हणायचीही सोय नाही. चिठ्ठीच नव्हती. सगळा पुरावा एका बाजूला होता: सुनेचा शब्द, न आलेली चिठ्ठी, महिनाभरातले चुकलेले अंगठे. दुसऱ्या बाजूला पडद्यावरचा एक शब्द.

"नका टोचू," मी म्हटलं. "तुमची म्हैस माझी जबाबदारी, रूपाली. महिन्यानं डॉक्टरांना घेऊन मी घरी येते. रिकामी निघाली तर मला काय बोलायचं ते बोला."

"बोलतोच की मी," रूपाली म्हणाली आणि दोर सोडायला लागली.

तेवढ्यात रस्त्यावर वडाप, म्हणजे शेअर जीप, थांबलं. आतून एक बाई जवळजवळ उडी मारून उतरली. पदर खोचलेला, एका हातात पिशवी, दुसरा हात वर. आक्काताई. तिथूनच ओरडत आल्या.

"सुई लावली काय? ए रूपे! सुई लावली काय?"

"न्हाय लावली!" मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं.

त्या म्हशीजवळ आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. दम लागला होता. निपाणीत सकाळी शेजारणीचा फोन आला होता, तुमची सून म्हस घेऊन शिबिराला गेली म्हणून. मिळेल त्या गाडीनं निघाल्या होत्या.

"भरवलीय मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मे म्हैन्यात. तानाजीला बोलवून."

रूपालीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आन् मला सांगितलं न्हाईसा?"

"तुला सांगून? तुज्या पोटात ऱ्हातंय व्हय काय! सांजच्याला समद्या गल्लीत झालं असतं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, मागल्या बारीला म्या समद्यास्नी सांगितलतं. म्हस भरवली, म्हस भरवली. काय झालं तुमास्नी ठावं हाय. म्हून ह्या बारीला ठरवलं, तीन म्हैनं कुणाला बोलायचं न्हाय. बाईचं न्हाय का आपण सांगत तीन म्हैनं? मग म्हशीचं का सांगायचं?"

डॉ. चौगुले हातमोजा काढत होते. "पण आक्का, डॉक्टरला तरी?"

"तुमी कोण? तुमी बी गावातच फिरताय की."

मी विचारलं, "मग तानाजीनं चिठ्ठी का नाही ठेवली?"

"म्या शपथ घातली त्याला. चिठ्ठी ठेवली की ह्यो सेक्रेटरी वाचतोय." सेक्रेटरी दुसरीकडं बघायला लागले. "तानाजी म्हटला, चिठ्ठी ठेवत न्हाय, पर फोनवर लावतो, ती फकस्त कोल्हापूरच्या बाईंना दिसती. म्हटलं, बाईंना दिसू दे."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून निपाणीची चिवड्याची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. आठ वर्षांपूर्वी चहाही न घेता उठलेली बाई. मी तिथंच पुडी फोडली आणि सगळ्यांना वाटली. सेक्रेटरींनाही.

परत येताना जीपमध्ये तानाजीचा फोन आला. रेंजमध्ये आल्यावर माझे सतरा फोन बघून घाबरला होता. "मॅडम, काय चुकलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "अंगठा बरोबर पडला."

त्याला अर्थातच काही कळलं नाही. मी त्याला एक मात्र खडसावलं. पडद्यावरची नोंद फक्त मलाच दिसते असं त्यानं सांगितलं होतं, पण ते खरं नव्हतं. ज्याच्याकडं तक्ता उघडतो त्या सगळ्यांना ती दिसत होती. आक्काताईंचं गुपित टिकलं ते केवळ डेअरीच्या सेक्रेटरींनी नवा तक्ता एकदाही उघडला नव्हता म्हणून. फोन ठेवला. मी मनात मोजत होते, चोवीस वर्षांत अशा किती आक्काताईंनी तोंड मिटून घेतलं असेल आणि माझ्या पिवळ्या-हिरव्या पानावर त्यांच्या ओळी पांढऱ्याच राहिल्या असतील. मोजता येत नाही. पण त्या दिवशी एक तरी वाचली होती. कागलच्या आसपास मला झोप लागली. जीपमध्ये मी कधी झोपत नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, नेहमीपेक्षा अर्धा तास आधी ऑफिसला गेले. नव्या तक्त्यातली 'भरवली' ही नोंद डॉक्टर, तो भाग बघणारा सेवक आणि मी, एवढ्यांनाच दिसेल अशी करून घेतली. मगदूमसाहेबांना दोन ओळी लिहिल्या: नवा घ्यावा, जुना बंद करावा. तिसरी ओळ लिहिली, सेवकांना मोठ्या पडद्याचे फोन द्यावेत. मग जुनी फाईल शेवटची उघडली. ती आता कुणी बघणार नव्हतं, मीसुद्धा नाही. मुरगूडचं पान काढलं, आक्काताईंच्या ओळीवर आले, तिला हळद लावली आणि फाईल बंद केली.